कार्बनवरून परत लाकडावर: स्टिगा ऑलराउंड क्लासिक आणि मार्क फाइव्ह, नऊ महिन्यांनंतर

आधी माझा खेळ कसा आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. वय ४६. डोंबिवलीत मंडळाच्या हॉलमध्ये आठवड्यातून चार संध्याकाळी दीड-दोन तास टेबल टेनिस खेळतो. शाळेत असताना बऱ्यापैकी खेळायचो, मग वीस वर्षं बॅटला हात नाही, मग डॉक्टरांनी वजनावरून ऐकवल्यावर परत सुरुवात. फोरहँड टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेनं फिरवणारा फटका) बरा, बॅकहँडला ब्लॉक (आलेला चेंडू नुसता अडवणं) आणि पुश (खालून घासून हळू परत करणं), पाय जड. अशा माणसानं काय घ्यावं? मी घेतलं कार्बन ब्लेड, म्हणजे रबराखालची लाकडी फळी, पण आत कार्बनचे थर असलेली.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक ब्लेडची नव्हतीच. बाहेरच्या लाकडी थराला लागूनच कार्बनचा थर, ओएफएफ प्लस म्हणजे अतिवेगवान वर्गातलं, दोन्ही बाजूंना मॅक्स म्हणजे सगळ्यात जाड स्पंजची, चेंडू जोरात फेकणारी हाय टेन्शन रबरं. रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ बघत बसायचं आणि चिनी खेळाडू झांग जिकेच्या हातात व्हिस्कारिया हे कार्बन ब्लेड दिसलं की आपल्याही हातात त्या जातीचं काहीतरी हवं असं वाटायचं, हा आजार ज्याला झालाय त्याला वेगळं सांगायला नको.

पहिले पंधरा दिवस स्वर्ग होता. उंच आलेला चेंडू मारला की समोरचा हलायच्या आत भिंतीवर. आवाज तर असा खणखणीत की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायचे. पण टेबल टेनिसमध्ये आमच्या पातळीवर असा उंच चेंडू एका गेममध्ये मिळतो किती वेळा? दोनदा, तीनदा. बाकीचे गुण सर्व्हिस रिसीव्ह, पुश, पहिला लूप (भरपूर फिरकीचा टॉपस्पिन) आणि ब्लॉक यांवर ठरतात. तिथे माझी वाट लागली. आखूड पुश करायला जावं तर चेंडू नेटच्या वर वीतभर उडायचा आणि समोरचा तो हसत हसत मारायचा. ब्लॉक टेबलाच्या बाहेर. मग काय होतं, तर हात आपोआप जपून चालायला लागतो. हात आखडता घेणं हे आपण पैशाच्या बाबतीत म्हणतो. माझा खरोखरच आखडला. फोरहँडचा पूर्ण स्विंग अर्ध्यावर आला. चेंडू घासायचा सोडून नुसता पुढे ढकलायला लागलो, कारण पूर्ण हात फिरवला तर चेंडू पलीकडच्या टेबलावर जाईल ही भीती.

आमच्या हॉलमध्ये ६८ वर्षांचे एक काका येतात, रेल्वेतून निवृत्त. बॅकहँडला लाँग पिंपल (लांब दाण्यांचं, समोरच्याची लय तोडणारं रबर), बॅटचं हँडल घामानं काळं पडलेलं. त्यांनी मला सलग तीन गेम हरवलं आणि पाणी पिता पिता म्हणाले, "अरे, तू चेंडूला मारत नाहीस. तू तुझ्या बॅटला घाबरतोस."

घरी आलो आणि किचनमधल्या डिजिटल काट्यावर बॅट ठेवली. १९१ ग्रॅम. महिन्याभरापासून कोपर का दुखत होतं त्याचंही उत्तर तिथेच मिळालं.

मग निवड. इथे मी एकच प्रश्न स्वतःला विचारला: माझ्या खेळात कमी काय आहे, जोर की ताबा? पुतण्याला टोपलीभर चेंडू घेऊन समोर उभा केला. त्यानं ५० चेंडू खालच्या फिरकीचे द्यायचे, मी सगळ्यांवर फोरहँड लूप मारायचा. कार्बन बॅटनं २७ टेबलावर पडले. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण मी फुकट वाटत होतो. हा प्रयोग प्रत्येकानं खरेदीच्या आधी एकदा करावा, दुकानात चेंडू नुसता बॅटवर टपटप आपटून काही कळत नाही. आणि कंपन्यांचे स्पीड-कंट्रोलचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी.

शेवटी घेतलं ते असं. ब्लेड स्टिगा ऑलराउंड क्लासिक, पाच थरांचं, सगळं लाकूड, माझं भरलं ८४ ग्रॅम. दोन्ही बाजूंना यासाका मार्क फाइव्ह, १.८ मिलिमीटर स्पंज. मार्क फाइव्ह १९६९ सालापासून बाजारात आहे. मधल्या काळात चेंडू ३८ चा ४० मिलिमीटर झाला (२००० साली), २००८ मध्ये स्पीड ग्लूवर (रबर जास्त वेगवान करणारा ग्लू) बंदी आली, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा चेंडू आला, आणि हे रबर अजून विकलं जातंय. मोठा चेंडू आणि प्लास्टिक यांमुळे वेग आणि फिरकी दोन्ही थोडी कमी झाली, म्हणून सगळे जास्त वेगवान सामानाकडे पळाले हे खरंच आहे. पण त्या पळापळीत जे रोज सहा तास सराव करतात त्यांच्या मागे आठवड्याला सहा तास खेळणारे आम्हीही पळालो.

दोन रबरं आणि ब्लेड मिळून दहा हजारांच्या आत बसलं. कार्बनच्या बॅटला याच्या जवळपास दुप्पट गेले होते.

रबर घरीच चिकटवलं. पाण्यात विरघळणारा ग्लू ब्लेडला एक हात, स्पंजला दोन हात लावायचा, आणि पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत हात लावायचा नाही. पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ती जात नाहीत. मग हँडलकडून सुरू करून रबर हळूहळू टेकवत न्यायचं, ओढायचं नाही. ओढलं तर ताणलेलं रबर नंतर कडेनं आकसतं. वरून फिरवायला रोलर नव्हता म्हणून पोळ्यांचं लाटणं घेतलं. बायकोनं त्यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, पण लाटणं या कामाला उत्तम चालतं, वर एक वर्तमानपत्र ठेवा. कडा कात्रीनं कापताना एकाच दमात लांब कात्री चालवायची, थांबलात की तिथे दातरा पडतो. माझा एक पडलाय, बॅटच्या कडेला लावायच्या एज टेपखाली झाकलाय. सगळं मिळून १६८ ग्रॅम.

पहिला आठवडा निराशेचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण बरेच जण याच आठवड्यात बॅट बदलतात. सगळे चेंडू नेटमध्ये. हाताला सवय होती नुसतं टेकवण्याची, आणि ही बॅट टेकवलं तर काहीच देत नाही. जेवढं घालाल तेवढंच बाहेर. पुतण्यासोबत तोच ५० चेंडूंचा प्रयोग: ३१. फरक किरकोळ. पण एक गोष्ट लक्षात आली. आधी चुकलेले बहुतेक चेंडू बाहेर जात होते, आता चुकलेले सगळे नेटमध्ये होते. बाहेर जाणाऱ्या चेंडूवर इलाज म्हणजे हात आवरा. नेटमध्ये जाणाऱ्यावर इलाज म्हणजे पूर्ण फिरवा, गुडघे वाकवा, खालून वर या. म्हणजे बॅटच मला रोज संध्याकाळी बरोबर तेच करायला लावत होती जे शाळेतले सर ओरडून ओरडून सांगायचे.

तीन महिन्यांनी त्याच प्रयोगात ४० पडले. आणि गंमत अशी की समोरच्यांची तक्रार सुरू झाली की आता माझा चेंडू जड येतो. बॅट मंद, चेंडू वेगवान, हे गणित सुरुवातीला माझ्याही डोक्यात बसेना. पण सरळ आहे: अर्ध्या हातानं कार्बनवर मारलेल्या चेंडूपेक्षा पूर्ण हातानं लाकडावर घासलेला चेंडू जास्त फिरतो आणि टेबलावर पडून जास्त उसळतो. लाकडी ब्लेड थोडं वाकतं, चेंडू क्षणभर जास्त रेंगाळतो, त्या क्षणात घासायला वेळ मिळतो. जाड स्पंज आणि टेन्शनचं रबर हलक्या स्पर्शालाही चेंडू बाहेर फेकतं, १.८ वर चेंडू स्पंजमधून लाकडापर्यंत पोचतो आणि हाताला कळतं की काय झालं. आखूड पुश तर आता माझं हत्यार आहे. ब्लॉक करताना काकांच्या पिंपलवरून येणारा तो विचित्र, मरगळलेला चेंडूसुद्धा वाचता येतो.

पिंपलवरून आठवलं. वेग हाच सगळा खेळ असता तर मनिका बत्रानं बॅकहँडला लाँग पिंपल लावलंच नसतं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक आणि एकेरी अशा दोन्हीकडे हरवलं, तेव्हा फेंगचा वेग कुठे कमी होता? समोरच्याची लय तोडणं ही पण ताकदच. मी स्वतः पिंपलच्या वाटेला गेलो नाही, सर्व्हिस करताना बॅट उलटी फिरवण्याचं कसब माझ्याकडे नाही.

आता कुठे कमी पडते ते. टेबलापासून आठ-दहा फूट मागे गेलात की या बॅटनं गुण संपवणं अवघड आहे. तिथून चेंडूला जीव यायला खांदा, कंबर सगळं लावावं लागतं आणि चाळिशीनंतर ते प्रत्येक रॅलीत होत नाही. ऑलराउंड वर्गाकडून ती अपेक्षाच चुकीची, तरी सांगितलं. स्मॅशला तो खणखणीत आवाज नाही, साधा लाकडी ठोका येतो. आणि मार्क फाइव्हचा पृष्ठभाग चिकट नाही. ज्यांना चिनी धाटणीच्या टॅकी रबरची सवय आहे त्यांना सर्व्हिसची फिरकी कमी वाटेल. मात्र उलट दिशेनंही जपून जा. आमच्याकडच्या एका कॉलेजच्या मुलानं चीनचा मा लाँग वापरतो म्हणून हरिकेन ३ हे टॅकी रबर आणलं. तो कडक स्पंज दाबायला जो झपाटा लागतो तो त्या मुलाच्या हातात अजून नाही, त्यामुळे त्याचे लूप नेटखाली जातात आणि तो रबरला शिव्या देतो.

पावसाळ्याचं वेगळं. जूनपासून आमच्या हॉलमध्ये दमट हवा इतकी की टेबल पुसलं तरी हाताला ओलं लागतं, आणि चेंडू उडतो म्हणून पंखे बंद. अशा हवेत रबरवर आणि चेंडूवर पाण्याचा सूक्ष्म थर येतो आणि टॉपस्पिन सटकून थेट नेटच्या तळाशी जातो. हे सगळ्याच रबरांचं होतं. बॅटवर हाऽ करून वाफ सोडायची आणि पँटला पुसायची ही आपली सगळ्यांची सवय पावसाळ्यात पूर्ण चुकीची. मी खिशात सुती फडका ठेवतो, दर सहा गुणांनी टॉवेल वापरायची मुभा असते तेव्हा बॅट आणि चेंडू दोन्ही कोरडे करतो. बॅटच्या कव्हरमध्ये बुटांच्या खोक्यातून निघतात त्या सिलिका जेलच्या तीन पुड्या टाकल्यात. ज्या दिवशी अगदीच चिकचिक असते त्या दिवशी लूप कमी, सपाट फटका आणि पुश जास्त.

नऊ महिन्यांत झीज किती? फोरहँडच्या लाल रबरवर मध्यापासून थोडं टोकाकडे, जिथे चेंडू लागतो तिथे, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा भाग निस्तेज झालाय. चेंडू बोटानं दाबून त्यावर घासला तर तिथे सरकतो, कडेला अडतो. म्हणजे फोरहँडचं बदलायची वेळ झाली. रोज खेळ झाल्यावर साध्या ओल्या स्पंजनं पुसून फिल्म लावत आलोय, नाहीतर याआधीच गेलं असतं. बॅकहँडचं काळं अजून सहा महिने सहज जाईल. ब्लेडला एकदा टेबलाची कड लागून कोपऱ्यात खोक पडली, दोष माझाच. हँडल फ्लेअर्ड (खाली रुंद होत जाणारं) घेतलंय. मनगट सैल ठेवायला स्ट्रेट बरं असं काही जण म्हणतात, माझ्या घामट हातातून ते निसटतं.

फोरहँडला आता मार्क फाइव्हच पण २.० चा स्पंज घेणार आहे. एकदम टेन्शनच्या रबरवर उडी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ब्लेड आणि रबर दोन्ही एकत्र बदललं की बिघडलं कशामुळे तेच कळत नाही. हे मी पैसे घालवून शिकलोय.

आणि त्या कार्बन बॅटचं काय झालं? पुतण्याला दिली. तो १७ वर्षांचा, रोज तीन तास कोचकडे, पाय असे चालतात की बघत राहावं. टेबलाजवळ उभा राहून चेंडू वर चढताचढताच घेतो, हात मुळात आखडत नाही. त्याच १९१ ग्रॅमच्या बॅटनं परवा मला ११-६, ११-८, ११-४ असं धुतलं. दुसऱ्या गेमला माझे चार गुण आखूड पुशवर आले. खेळ झाल्यावर म्हणतो, "काका, तुमच्या बॅटनं एक गेम खेळू का?" पाच मिनिटं खेळला, सगळं नेटमध्ये, आणि बॅट परत देत म्हणाला, "यात काहीच नाहीये हो."