बोडगेश्वराच्या जत्रेत दीडशे रुपयांत प्रकाशाचा वेग

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या पलीकडे व्हीआर चष्म्याचा स्टॉल लागला होता. तिकीट दीडशे, वेळ पाच मिनिटं, चार यानांपैकी आवडेल ते निवडायचं. भाच्याला बसायचं होतं, मग मीही बसलो. मांडवीवर बार्जची इंजिनं सांभाळण्यात माझी उमर गेली, त्यामुळे नवं इंजिन दिसलं की मला राहवत नाही.

खुर्ची एक नंबर. धक्का नेमक्या वेळी बसतो, पाठीला त्रास नाही. शनीची कडी बघताना तर मीही 'आरे!' म्हणालो.

पण पडद्यावरचा काटा दहा सेकंदांत प्रकाशाच्या वेगावर, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटरवर जातो. एवढ्या वेळात तो वेग गाठायचा तर अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या तीस लाख पट जोर येईल, भाच्याचा लगदा. माणसाला सोसेल अशा जोराने, पृथ्वीवर पाय टेकतात तेवढ्याच, त्या वेगाच्या जवळपास जायलाही वर्षभर लागतं. बरं, काटा तिथे टेकतो हेच खोटं. जिनिव्हाच्या मोठ्या कोलायडरमध्ये, म्हणजे कण पळवून एकमेकांवर आपटायच्या यंत्रात, शिरताना प्रोटॉन प्रकाशाच्या मागे सेकंदाला साडेसहाशे मीटर असतो. त्याची ऊर्जा चौदा पट केली तरी तीन मीटर मागे उरतोच. आणि हा नुसता प्रोटॉन!

भाचा पंच्याहत्तर किलोचा. त्याला एकट्याला, यानाशिवाय, प्रकाशाच्या 90 टक्के वेगावर न्यायला सुमारे 2.4 लाख कोटी युनिट वीज लागेल. अख्ख्या भारतात वर्षभरात एवढी तयार होत नाही. हे ऐकून तो म्हणाला, "मामा, तुम्ही जत्रेतही बिलंच मोजा."

आता यानं. प्रतिपदार्थाच्या रॉकेटला रांग सर्वात लांब. प्रतिपदार्थ म्हणजे नेहमीच्या पदार्थाचा उलटा जुळा, दोघे भिडले की नाहीसे होऊन नुसती ऊर्जा उरते. हिशेब बरोबर आहे, ग्रॅमभर प्रतिपदार्थ तेवढ्याच पदार्थाला भिडला तर पाच कोटी युनिट सुटतात. फक्त प्रयोगशाळांनी आजवर बनवलाय तो नॅनोग्रॅमांत. 'वार्प'वाल्या यानात पुढची जागा आकसते, मागची पसरते. भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी 1994 मध्ये ते समीकरणात बसवून दाखवलं, पण त्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, तीही अफाट. ती कुठून आणणार हे फलकावर नाही.

माझा राग आहे तो तिसऱ्यावर: तांब्याचा बंद डबा, आत मायक्रोवेव्ह, बाहेर काही फेकत नाही तरी म्हणे पुढे जातो. बार्जच्या केबिनमध्ये उभं राहून आतून भिंत ढकलली तर बार्ज पणजीला पोचेल का? 2016 मध्ये नासाच्या काही इंजिनिअरांना त्यात किंचित जोर दिसला होता. पुढे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधक मंडळींनी मोजणी नीट केली, तेव्हा तो जोर मोजणीच्या मांडणीतल्या उष्णतेचा निघाला. फलकावर मात्र 'सिद्ध तंत्रज्ञान' छापलंय. हा शब्द काढायला हवा.

चौथ्या, शिडाच्या यानाकडे कोणी फिरकत नव्हतं. मला तेच पटलं, कारण इंधन सोबत न्यायचं नाही. जमिनीवरच्या लेझरने शिडाला रेटा द्यायचा. 2016 मध्ये जाहीर झालेल्या स्टारशॉट योजनेत काही ग्रॅमचंच यान, 100 गिगावॉटचा लेझर, वेग प्रकाशाच्या 20 टक्के आणि 4.37 प्रकाशवर्षांवरचा अल्फा सेंटॉरी हा शेजारचा तारा साधारण वीस वर्षांत, असा बेत होता. तोही कागदावरच. स्टॉलवाल्याने त्या शिडाला चार माणसांची केबिन जोडलीय, ती सोडून द्या.

चित्रातही एक चूक सुधारता येईल. तारे रेघा होऊन मागे पळताना दाखवलेत. खरं तर त्या वेगाला ते बहुतेक समोर गोळा व्हायला हवेत, पुढचे निळसर, मागचे तांबूस आणि मंद.

चष्म्याच्या आतली पट्टी घामट असते, स्टॉलवरच्या पोराला पुसायला सांगा, तो हसत पुसतो. नंबरचा चष्मा असेल तर बसत नाही, काढूनच ठेवावा लागतो. आणि खाजं खाऊन लगेच बसू नका. वार्पच्या वळणावर माझ्या शेजारचा मुलगा उतरूनच गेला.