लाटेकमधल्या टेबलची रुंदी: पी कॉलम, टॅब्युलरएक्स की टॅब्युलररे?

लाटेकमध्ये (कमांड लिहून डॉक्युमेंट बनवायचं सॉफ्टवेअर) टेबल करायला घेतलं की आधी एकच ठरवा, कॉलमची रुंदी कोण ठरवणार: आतला मजकूर, तुम्ही, की पान? हे ठरलं की कुठलं पॅकेज (लाटेकला जोडायचा जादा भाग) घ्यायचं ते लगेच कळतं, नाहीतर ओव्हरफुलच्या, म्हणजे मजकूर जागेत मावत नाही अशा वॉर्निंगमागे धावण्यात दिवस जातो.

साधे एल, सी, आर कॉलम (डावीकडे, मध्ये, उजवीकडे जुळणारे) मजकुराच्या हिशोबाने चालतात, सेलमधला सगळ्यात लांब मजकूर जेवढा तेवढा कॉलम. आकडे, नावं, हो-नाही एवढंच असेल तर हेच घ्या, उगाच पॅकेज घालू नका. पण यात ओळ मोडतच नाही, त्यामुळे एका सेलमध्ये अख्खं वाक्य आलं की टेबल थेट मार्जिनच्या बाहेर.

मग येतो पी कॉलम. रुंदी तुम्ही द्यायची, ओळी तो मोडतो. बहुतेकजण अडकतात ते इथेच, मीपण बरेच दिवस अडकले होते. तीन कॉलम आहेत म्हणून प्रत्येकाला टेक्स्टविड्थच्या, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या रुंदीच्या, ०.३३ पट दिलं, बेरीज ०.९९, मग बसायला हवं ना? नाही बसत! कारण दिलेली रुंदी फक्त मजकुराची असते, कॉलमच्या दोन्ही बाजूंना टॅबकोलसेपची जागा वेगळी लागते, आणि स्टँडर्ड क्लासमध्ये ती प्रत्येक बाजूला ६ पॉइंट. तीन कॉलमच्या सहा बाजू, म्हणजे ३६ पॉइंट, जवळजवळ सव्वा सेंटिमीटर जास्तीचं. म्हणून दर कॉलममधून टॅबकोलसेपची दुप्पट वजा करायची. एवढा हिशोब करायची तयारी असेल तर पी कॉलम अगदी भरवशाचा आहे, आणि एकाच रिपोर्टमधली पाच टेबलं एकाखाली एक सारखी दिसायला हवी असतील तर मी तोच घेते.

बाकी बहुतेक वेळा माझं मत टॅब्युलरएक्स पॅकेजला. टेबलची एकूण रुंदी सांगायची, एल किंवा आर कॉलम आपली जागा घेतात आणि उरलेली जागा एक्स कॉलम सारखी वाटून घेतात, टॅबकोलसेपचा हिशोब तोच करतो. कमीजास्त हवं असेल तर एका एक्सची एचसाइझ (त्या कॉलमची रुंदी) १.५ पट आणि दुसऱ्याची ०.५ पट करता येते, फक्त या आकड्यांची बेरीज एक्स कॉलमच्या संख्येएवढीच यायला हवी, इथे २. टेबल पुढच्या पानावर जाणार असेल तर मात्र एक्सएलटॅब्युलर हे पॅकेज लागेल, टॅब्युलरएक्स पानावर तुटत नाही.

टॅब्युलरच्या (लाटेकच्या साध्या टेबलच्या) स्टारवाल्या प्रकाराने फसू नका, तो कॉलम रुंद करत नाही, सांगितलं तर फक्त मधली जागा ताणतो. टॅब्युलरी हे आणखी एक पॅकेज जास्त मजकुराच्या कॉलमला जास्त जागा देतं, कल्पना छानच, पण मजकूर बदलला की रुंद्याही हलतात.

नवीन डॉक्युमेंट सुरू करताय, जुन्या फाइल्सचं ओझं नाही, तर २०२१ मध्ये आलेलं टॅब्युलररे पॅकेज नक्की बघा. एक्सच्या पुढे चौकटी कंसात २ लिहिलं की दुप्पट वाटा, संपला विषय. मोठ्या टेबलला कंपाइल व्हायला वेळ लागतो आणि लिहायची पद्धत थोडी वेगळी आहे, हे धरून चाला.

रिसाइझबॉक्स या कमांडने अख्खं टेबल दाबून बसवणं मला अजिबात पटत नाही, प्रत्येक टेबलातली अक्षरं वेगळ्या साइझची होतात आणि वाचणाऱ्याचे हाल होतात.

आणि कुठलाही पर्याय घ्या, कॉलम अरुंद असेल तर दोन्ही कडा जुळवायच्या नादात शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात, तिथे रॅग्डराइट द्या, म्हणजे फक्त डावी कड जुळते. टॅब्युलरएक्स किंवा पी कॉलममध्ये ते दिलं की त्याच्या मागोमाग अ‍ॅरेबॅकस्लॅश ही कमांडही लिहा, नाहीतर शेवटच्या कॉलममध्ये दोन बॅकस्लॅशने टेबलची ओळ संपतच नाही आणि एरर भलतीकडेच दाखवते.