यमक शोधणारं अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर: चारवरून अडीच तारे

वर्गणी संपल्याची पाटी आली, आणि नवी रक्कम जुन्याच्या दीडपट. म्हणून हे लिहिणं आलं. सोयी सगळ्यांना माहीत आहेत, त्या पुन्हा मोजत नाही.

भांडण 'च'शी आहे. 'वाचा' टाकलं की 'साचा', 'खाचा', 'टाचा' येतात. पुस्तक वाचा म्हणायचं असेल तर छान, तो 'च' दंततालव्य, 'चमचा'मधला. पण वाणी या अर्थाच्या 'वाचा'तला तालव्य, 'चहा'मधला. या 'वाचा'पुढे 'टाचा' ठेवली की कान लगेच पकडतो. कागदावर खपतं, गाताना समेवर उघडं पडतं. ज आणि झ यांचीही तीच गत. दोनदा कळवलं. उत्तर आलं, 'लिखाणात अक्षर एकच आहे.' अहो, गाणं काय लिखाणात म्हणतात?

दुसरा त्रास प्रत्ययांचा. 'घरात'ला आधी 'वनात', 'मनात', 'गावात' असा लोंढा. ही जुळणी प्रत्ययाची, शब्दाची नव्हे. 'वरात', 'परात' हे खरे दागिने खूप खाली सापडतात. गझल लिहिणाऱ्यांनी जास्त जपावं: मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'घरात–वरात' घेतलं की पुढे 'रात' आणि त्याआधीचा 'अ' दोन्ही सांभाळायचे, म्हणजे 'दारात' बाद. अलामत (तो आधीचा ठरलेला स्वर) पाळणारी गाळणी अ‍ॅपमध्ये नाही.

मात्रा मोजणीवर सुरुवातीला खूश होतो. 'विठ्ठल' चार, बरोबर. पण 'तुम्ही' आणि 'तुझ्या' यांनाही चार देतं. तिथे 'तु'वर जोडाक्षराचा आघात येत नाही, तो लघुच (एका मात्रेचा) राहतो, मोजणी तीन. वृत्तात लिहिणाऱ्याची अख्खी ओळ यात घसरते.

एका बाबतीत शब्द मागे घेतो. 'दूर'ला 'मधुर' दाखवतं म्हणून आधी अर्धा तारा कापला होता. चूक माझी. ह्रस्व-दीर्घाचा फरक लेखनाचा आहे, शेवटच्या अक्षराआधीचा उकार बोलताना दोन्हीकडे लांबतो. अर्धा तारा परत. (मग 'च'लाच कान का नाहीत?)

'दऱ्या' शोधून 'पऱ्या' मिळत नसेल तर शब्द खोडून पुन्हा टाइप करा. हा 'ऱ्या' यूनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा 'र' आणि न दिसणारा जोडक. दिसायला तंतोतंत सारखे, यंत्राला वेगळे.

वर्गणी भरलेली नाही. त्याऐवजी हे करा: शब्दलेखन तपासणीसाठी मोफत मिळणारी मराठी शब्दयादी स्प्रेडशीटमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात प्रत्येक शब्द उलटा करा आणि त्या रकान्यानुसार क्रम लावा. उलटा 'घरात' 'तारघ' असा विचित्र दिसेल, घाबरू नका. काना 'र'नंतर साठवलेला असतो, म्हणून उलटल्यावर तो 'त'ला चिकटतो; 'वरात' (तारव), 'परात' (तारप) शेजारी येतात आणि 'दारात' (ताराद) वेगळा पडतो. जे अ‍ॅपला जमलं नाही ते इथे आपसूक होतं. च-ज-झच्या शब्दांना तिसऱ्या रकान्यात हाताने खूण करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आणि फुकट.