समुद्राकाठच्या कड्यावर बोल्ट कुठला, स्टेनलेस की टायटॅनियम?
थायलंडच्या रेलेसारख्या चुनखडीच्या कड्यावर क्लाइंबिंगचा रूट बोल्ट करायचाय (म्हणजे चढाईच्या वाटेवर दोर अडकवायला खडकात कायमचे बोल्ट बसवायचेत) आणि ठरत नाहीये ना, तर बघ. स्टेनलेस बराच स्वस्त, भोक पाड, नट आवळ, लगेच वापर. टायटॅनियम महाग, ग्लूने बसवायचा, भोकात धूळ राहिली तर पकड येत नाही, शिवाय ग्लू घट्ट होईपर्यंत थांबायचं.

पण टिकण्यात तुलनाच नाही. दमट खाऱ्या हवेत स्टेनलेसला बारीक तडे जातात, अगदी 'मरीन ग्रेड' म्हणवल्या जाणाऱ्या ३१६ ग्रेडलासुद्धा, वरून बोल्ट ठीकच दिसतो आणि काही वर्षांत नुसत्या अंगाच्या वजनानेही तुटू शकतो, रेले आणि शेजारच्या टोनसाईत असे बोल्ट तुटले म्हणून तर तिथे टायटॅनियमने रिबोल्टिंग (जुन्यांच्या जागी नवे बोल्ट बसवणं) सुरू झालं. 'मरीन ग्रेड' या शब्दावर प्लीज जाऊ नकोस.

समुद्रापासून लांब, कोरड्या खडकावर स्टेनलेस चालेल. इथे मात्र टायटॅनियमच, बजेट कमी असेल तर रूट कमी कर.