उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये कॉर्डलेस फोन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

संच असा आहे: एक बेस (फोनच्या लाइनला जोडलेला मुख्य डबा), तीन हँडसेट, दोन जादा चार्जिंग स्टँड. जागा बेळगावच्या उद्यमबागेतली. पुढे ऑफिस, मधे मशीन शॉप, मागे स्टोअर आणि स्टोअरला लोखंडी रोलिंग शटर. पहिले दोन महिने फोन जुन्या तांब्याच्या लाइनवर होता, त्यानंतर फायबरच्या मॉडेमवर. म्हणजे एकच संच दोन्ही तऱ्हांनी वापरून झाला आहे. गरज साधी होती. गिऱ्हाइकाने फोनवर बोअरचं माप विचारलं की सुपरवायझरने जॉब हातात धरून, मशीनजवळूनच उत्तर द्यावं.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले बहुतेक हँडसेट आवाजात उन्नीस-बीसच असतात. बेस कुठे ठेवला आणि त्याला करंट कुठून दिला, यावर फोन चालणार की डोकं खाणार हे ठरतं.

मांडणीपासून सुरू करू. प्रत्येक हँडसेटमध्ये दोन एएए सेल बसतात. हे सेल निकेल मेटल हायड्राइडचे, 1.2 व्होल्टचे, सोबत आलेले 550 एमएएच क्षमतेचे. घड्याळाचे किंवा रिमोटचे साधे 1.5 व्होल्टचे सेल इथे कधीही घालायचे नाहीत. स्टँडवर ठेवल्यावर ते चार्ज व्हायला लागतात, तापतात, गळतात आणि आतल्या स्प्रिंगा खाऊन टाकतात. पहिलं चार्जिंग रात्रभर करावं. पडद्यावर बॅटरीच्या काड्या दोन-तीन तासांतच पूर्ण दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नये. माहितीपुस्तकात सात तास लिहिलेत, तेवढे तरी द्यावेत.

खोक्यात अडॅप्टर दोन जातींचे निघतात: एक बेसचा, बाकीचे स्टँडचे. दिसायला सख्खे भाऊ, पण आउटपुट वेगळं. अदलाबदल झाली की बेस सुरू झाल्यासारखा दिसतो आणि कॉल उचलला की बंद पडतो. अडॅप्टरच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचून बेसच्या अडॅप्टरला लाल टेप गुंडाळा, पुढे कोणी साफसफाई करताना प्लग काढले तरी गोंधळ होत नाही.

सोबत आलेला हँडसेट बेसशी आधीच जोडलेला असतो. बाकीचे जोडावे लागतात. बेसवरचं बटण नुसतं दाबलं तर हँडसेट शोधण्याची बेल वाजते. तेच बटण चार-पाच सेकंद धरून ठेवलं की बेस नोंदणीसाठी तयार होतो. लगेच हँडसेटच्या मेन्यूत जाऊन नोंदणी निवडायची, पिन विचारला तर 0000. यात रेंगाळलात तर बेसची मुदत संपते आणि पहिल्यापासून करावं लागतं. डेक्ट (कॉर्डलेस फोनची एक डिजिटल रेडिओ पद्धत) पद्धतीच्या बेसला दुसऱ्या कंपनीचा हँडसेटही जोडता येतो, फक्त दोघांवर 'गॅप' सुसंगत असं छापलेलं हवं. मात्र त्यात बोलणं आणि बेल एवढंच धड चालतं. फोनबुक, आन्सरिंग मशीन वगैरे सोयी सोडून द्याव्या लागतात.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघाव्यात. डायलिंग टोनवर हवं, म्हणजे प्रत्येक आकड्याला वेगळा सूर जातो. पल्सवर, म्हणजे जुन्या फिरत्या चकतीच्या फोनसारख्या टकटकीवर, राहिलं तर बँकेच्या फोनवर 'कन्नडसाठी एक दाबा' म्हणतात, आपण दाबतो आणि पुढे काहीच होत नाही. दुसरी, कॉलर आयडी. तो एफएसके पद्धतीने (नंबर पाठवायची एक तऱ्हा) येत असेल तर नंबर पहिल्या आणि दुसऱ्या बेलच्या मधे येतो. पहिल्या बेललाच फोन उचलायची सवय असलेल्या माणसाला नंबर दिसणारच नाही. त्याला दम धरायला सांगा, फोनमध्ये दोष नाही. तिसरी, फ्लॅशची वेळ, म्हणजे फ्लॅशचं बटण दाबल्यावर लाइन किती वेळ क्षणभर तोडायची ते. इंटरकॉम एक्स्चेंज असलेल्या ऑफिसात कॉल दुसऱ्या टेबलावर पाठवताना ही लागते. 100 मिलिसेकंदावर असेल तर कित्येक एक्स्चेंजना फ्लॅश कळतच नाही, आणि गरजेपेक्षा जास्त ठेवली तर त्यांना वाटतं फोन ठेवला, कॉल तुटतो. 600 वर करून बघा, बहुतेक ठिकाणी तिथेच जुळतं. एक्स्चेंजमधून बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य दाबावं लागत असेल, तर फोनबुकात त्या शून्यानंतर पॉज टाकून ठेवा.

फोनबुक भरताना एक चूक सगळीकडे होते. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. मोबाइलमधली यादी बघून दहा आकडे टाकले तर तो नंबर इथून लागत नाही. शून्यासकट टाकला तर लागतो, पण आमच्या संचावर तोच माणूस फोन करतो तेव्हा नाव न दिसता नुसता आकडा येतो, कारण येणारा नंबर शून्याशिवाय असतो. रोज येणाऱ्या दहा-पंधरा नंबरांच्या दोन-दोन नोंदी करणं हाच उपाय सापडला. खानापूरला 08336, निपाणी-चिकोडीला 08338, कोल्हापूरला 0231 हे कोड नंबराला जोडूनच साठवा. नावं मात्र रोमन लिपीतच टाकावी लागतात. मराठी नाही, कन्नडही नाही. त्यामुळे ऑफिसातल्या तिघांनी 'चव्हाण' तीन स्पेलिंगने घातलेत.

आता रेंज. खोक्यावर आत 50 मीटर, उघड्यावर 300 मीटर असं लिहिलेलं असतं. ते मोकळ्या मैदानाचं आणि हलक्या भिंतींचं गणित. आमच्याकडे बेस ऑफिसच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटावर होता, तेव्हा मशीन शॉपच्या मध्यापर्यंतच आवाज नीट होता. पुढे खरखर, मग तीन बीप आणि शांतता. बेस तिथून काढून ऑफिस आणि शॉप यांच्यामधल्या भिंतीवर, सहा-साडेसहा फुटांवर, लाकडी फळीवर ठेवला आणि स्टोअरपर्यंत फोन पोचला. दुसरं काहीही बदललं नव्हतं. स्टोअरचं शटर खाली असलं की मात्र बाहेर लोडिंगच्या जागेत फोन मरतो. लोखंडी पडदाच तो, त्यातून काय जाणार. शटर हातभर वर ठेवलं तरी कॉल टिकतो.

विटांची नऊ इंची भिंत एक असेल तर त्रास नाही. जांभ्या दगडाची जाड भिंत मात्र फार खाते, त्यातून पावसाळ्यात ती ओली झाली की जास्तच. खडे बाजार, शहापूर भागातल्या अरुंद पण खोल दुकानांत बेस गल्ल्याजवळ ठेवायची पद्धत आहे. तो दुकानाच्या मधोमध, माळ्याच्या तुळईजवळ न्या आणि फरक बघा. फोन 2.4 गिगाहर्ट्झचा असेल तर वायफाय राउटरपासून निदान पाच-सहा फूट लांब हवा, कारण दोघांची पट्टी एकच आहे. 1.9 गिगाहर्ट्झच्या डेक्ट संचाचं राउटरशी तसं भांडण नाही, तरी मॉडेमच्या डोक्यावर बेस ठेवू नका. मेन्यूत 'इको' नावाची सोय असते, ती चालू असेल तर बेस कमी ताकदीने बोलतो. वर्कशॉपमध्ये ती पहिल्याच दिवशी बंद करावी. रिपीटर (बेसचा सिग्नल पुढे पोचवणारे डबे) मिळतात, पण ते त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलला चालणारे घ्यावे लागतात. त्यापेक्षा बेसची जागा बदलणं फुकट आहे.

करंटचं दुखणं सगळ्यात मोठं आहे. लाईट गेली म्हणा की करंट गेला म्हणा, बेस बंद पडतो, आणि बेस बंद म्हणजे हँडसेटची बॅटरी भरलेली असली तरी फोन बंद. 'हँडसेटमध्ये तर तीन काड्या दिसतात, मग लागत का नाही?' हा प्रश्न पावसाळ्यात प्रत्येक नवा माणूस विचारतो. हँडसेट बेसशी बोलतो, लाइनशी बोलणारा बेसच. काही मॉडेलांत बेसवर ठेवलेला हँडसेट स्वतःच्या सेलमधून बेसला करंट पुरवतो. पण त्यासाठी एक हँडसेट बेसवर अडकवून दुसऱ्यावर बोलावं लागतं. एकच हँडसेट असेल तर तो बेसवरच ठेवून स्पीकरवर बोलायचं.

तांब्याच्या लाइनवर साधा वायरवाला फोन टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजच्या 48 व्होल्टवर चालतो, घरात अंधार असला तरी. म्हणून तांब्याची लाइन असेल तर जुना फोन भंगारात देऊ नका, समांतर जोडून ठेवा. फायबरवर ही सोय जाते, कारण मॉडेमलाच करंट लागतो. मॉडेम बहुतेक 12 व्होल्टचा आणि बेस साधारण 6 ते 6.5 व्होल्टचा असतो, त्यामुळे राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसची 12 किंवा 9 व्होल्टची पिन बेसमध्ये घुसवण्याचा मोह टाळा. पिन बसते, बेस जळतो. मॉडेम आणि बेस या दोघांचे अडॅप्टर इन्व्हर्टरच्या एकाच बोर्डावर लावणं हाच सरळ मार्ग. जादा चार्जिंग स्टँड त्यावर नसले तरी चालतं.

फायबरचा एक फायदा-तोटा इथेच सांगतो. मॉडेमच्या फोन पोर्टला बेल वाजवायची ताकद बेताचीच असते. चार-पाच वायरचे फोन समांतर जोडले की सगळ्यांच्या बेला कण्हायला लागतात किंवा वाजतच नाहीत. कॉर्डलेसमध्ये लाइनवर भार फक्त बेसचा. हँडसेट तीन असोत की पाच, लाइनला एकच फोन दिसतो. जुने समांतर फोन काढून कॉर्डलेस घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे.

खरखर किंवा घरघर आली की आधी हँडसेटला शिव्या घालू नका. साधा वायरचा फोन थेट रोझेटला (लाइनची वायर जिथे येते त्या भिंतीवरच्या डबीला), फायबर असेल तर थेट मॉडेमला लावा. त्यावरही घरघर असेल तर दोष लाइनचा. तांब्याच्या लाइनवर मृग लागल्यानंतरची घरघर बहुतेक वेळा ओल्या जॉइंटची किंवा रोझेटच्या हिरव्या पडलेल्या स्क्रूंची असते. वायरचं टोक इंचभर कापून, ताजं तांबं उघडं करून पुन्हा घट्ट आवळलं की रोझेटपुरता प्रश्न मिटतो. खांबावरच्या जॉइंटला लाइनमनच हवा. साध्या फोनवर आवाज स्वच्छ असेल तर बेस दुसऱ्या प्लगवर लावून बघा. वेल्डिंग मशीन आणि मोटरांचे ड्राइव्ह ज्या फेजवर आहेत, त्यावरच बेस असेल तर आवाजात बारीक कुरकुर येते. आमची तशी होती, ऑफिसच्या फेजवर नेल्यावर गेली. त्यानंतरही एकाच हँडसेटवर त्रास उरला तर दोष त्या हँडसेटचा.

मशीन शॉपमधला हँडसेट बाकीच्या दोघांपेक्षा दुप्पट झिजला. कुलंटचे हात, बारीक लोखंडी कीस आणि चार्जिंगच्या पिनांवर बसणारा चिकट थर. हँडसेट स्टँडवर असूनही सकाळी बॅटरी रिकामी दिसली तर नव्वद टक्के वेळा कारण या पिनाच. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने, थर जाडच असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने दोन्हीकडच्या पिना पुसाव्यात. पाणी नको, सॅंडपेपर तर मुळीच नको, वरचा मुलामा निघून जातो. माइकच्या भोकात कीस गेला की समोरच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मऊ ब्रश फिरवा, टाचणी घालू नका.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून त्याच हँडसेटचे सेल ढिले पडले. दिवसभर मशीनजवळ राहून संध्याकाळी बीप करायला लागला. स्टँड आधी कंप्रेसरच्या खोलीत होता, तिथल्या उष्णतेने सेलांचं आयुष्य घटलं असणार. नवे घालताना दोन्ही एकदम बदलावेत, एक जुना एक नवा असं नाही. 800 एमएएचचे, ठेवून दिले तरी चार्ज टिकवणारे सेल घातले आहेत. चार्जिंगला जास्त तास लागतात, पण दिवस भागतो. बाजारात एएए आकारावर 2000, 3000 असे आकडे छापलेले स्वस्त सेल दिसतात. त्या आकारात तेवढं मावतच नाही, त्यामुळे ते सोडून पुढे जा.

आन्सरिंग मशीनचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. सूचना आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मिळून दहा-बारा सेकंदांत आटोपली पाहिजे. तीस सेकंदांची केली होती तेव्हा लोक ऐकून न घेताच ठेवून देत. बेला किती वाजल्यावर मशीनने उचलायचं ते सहावर ठेवा. स्टोअरमधून हँडसेट शोधून हातात घ्यायला एवढा वेळ लागतोच.

एप्रिल-मेमध्ये वळीव यायच्या आधी गडगडायला लागलं की अडॅप्टर आणि लाइनची वायर, दोन्ही काढा. नुसता अडॅप्टर काढून भागत नाही, तांब्याच्या लाइनवरून येणारा झटका बेसपर्यंत पोचतोच.

तक्रारी दोनच उरल्यात. हेडफोनची पिन 2.5 एमएमची आहे, मोबाइलचा हेडफोन बसत नाही. आणि पट्ट्याला अडकवायची क्लिप. ती प्लास्टिकची, तिसऱ्या महिन्यात तुटली, सुटी मिळत नाही, आणि क्लिप नसलेला हँडसेट मशीनवर कुठेतरी ठेवला जातो आणि मग बेसवरचं शोधायचं बटण दिवसातून चारदा दाबावं लागतं.