दिलेल्या अक्षरांचे लांब इंग्रजी शब्द शोधायला ग्रेप आणि शब्दयादी: बरेच महिने वापरल्यावर

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मी दर रविवारी पोरांसाठी इंग्रजी शब्दांचं कोडं लावतो, त्यामुळे ही ही अक्षरं असलेला मोठ्यात मोठा शब्द कोणता हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. गेल्या पावसाळ्यापासून त्यासाठीची ॲप्स आणि साइट्स बंद केल्या आणि फक्त टर्मिनलमधला (हुकूम टाइप करायच्या खिडकीतला) ग्रेप, म्हणजे दिलेल्या नमुन्यात बसणाऱ्या ओळी फाइलमधून काढून देणारा हुकूम, आणि दर ओळीला एक शब्द असलेली साधी टेक्स्ट फाइल एवढ्यावर काम चालू आहे. एवढ्या वापरानंतर छातीठोकपणे सांगतो, ज्याला या खेळाची खरी आवड आहे त्याने हेच वापरावं, पण यादी मात्र नीट बघून घ्यावी, कारण सगळा खेळ यादीचाच आहे.

आधी मी एक साइट वापरायचो, नाव नको, तिथे एकच खोका, अक्षरं टाका आणि बटण दाबा, मध्ये जाहिराती. अडचण जाहिरातींची नव्हती, खोका एकच असतो आणि प्रश्न तीन प्रकारचे असतात ही होती. एक, ही अक्षरं शब्दात कुठेही असावीत, बाकी काहीही चालेल. दोन, फक्त हीच अक्षरं असावीत, दुसरं एकही नको. तीन, अक्षरं याच क्रमाने यावीत. ग्रेपमध्ये तिन्ही वेगवेगळे विचारता येतात. पहिल्यासाठी प्रत्येक अक्षराला एक ग्रेप आणि मध्ये पाइप (एकाचं उत्तर पुढच्याला देणारी उभी रेघ), म्हणजे क्यूवाले शब्द काढा, त्यातून झेडवाले, त्यातून वायवाले, चाळणीवर चाळणी. दुसऱ्यासाठी सगळी अक्षरं चौकोनी कंसात, आधी कॅरेट (ओळीची सुरुवात), मागे स्टार (कितीही वेळा) आणि डॉलर (ओळीचा शेवट). तिसऱ्यासाठी अक्षरांच्या मध्ये डॉट स्टार, डॉट म्हणजे कुठलंही एक अक्षर. ए-ई-आय-ओ-यू असं क्रमाने टाकलं की फसीशस, ॲबस्टीमियस, आर्सीनियस असे शब्द पुढ्यात येतात, उलटा क्रम टाकलात तर सबकॉन्टिनेंटल! आपल्याच उपखंडाचा शब्द निघाला म्हणून पोरं जाम खूश झाली होती.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डॅश व्ही. त्याने नको ते गाळता येतं. एकही अक्षर दोनदा आलेलं नको असेल तर कंसात डॉट, मग डॉट स्टार, मग बॅकस्लॅश एक, आणि त्याला डॅश व्ही. म्हणजे जे अक्षर एकदा आलं तेच पुढे परत आलं की तो शब्द बाद. पुढे ऑक या दुसऱ्या हुकमाने प्रत्येक शब्दाची लांबी छापून घ्यायची आणि सॉर्ट लावायचं, लांब शब्द आपोआप वर. अनकॉपीराइटेबल आणि डर्मॅटोग्लिफिक्स हे दोन्ही 15 अक्षरांचे, ॲम्बिडेक्स्ट्रसली 14 चा, आणि एकाही अक्षराची पुनरावृत्ती नाही. दुसरा बोटांच्या ठशांच्या अभ्यासाचा, तो मी लगेच कोड्यात टाकला आणि मग अर्धा तास पोरं एकमेकांच्या अंगठ्यांच्या रेषाच बघत होती.

आता यादीबद्दल, आणि इथे घाई करू नका. मॅकमध्ये आयती येते ती वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशातली, जवळजवळ 2 लाख 35 हजार शब्द. जुने, आडवळणाचे, झाडापाल्याचे शब्द तिच्यात खच्चून भरलेत, पण अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं बहुतेक नाहीत आणि विशेषनामं मात्र आहेत. याचा परिणाम बघा. कीबोर्डच्या फक्त वरच्या ओळीतला सगळ्यात लांब शब्द टाइपरायटर असं सगळीकडे सांगतात, तो 10 अक्षरांचा. या यादीत रप्चरवर्ट निघतो, 11 चा, एका वनस्पतीचं नाव. फक्त डाव्या हाताने टाइप होणारा म्हणून स्टुअर्डेसेस सांगतात, 12 अक्षरी, पण तो पडला अनेकवचनी, त्यापेक्षा इथला आफ्टरकॅटरॅक्ट लांब, 13 चा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर परत जो पडदा धरतो तो. म्हणजे सगळ्यात लांब शब्द कोणता हे विचारण्याआधी कुठल्या यादीतला हे विचारावं लागतं.

उबंटू या लिनक्सवरची यादी लहान आणि आजच्या भाषेची, पण तिच्यात ॲपॉस्ट्रॉफी एसवाले शब्द भरपूर, ते आधी गाळा. शब्दखेळांसाठी मला एनेबल नावाची यादी सगळ्यात पटली, सुमारे 1 लाख 72 हजार शब्द, अनेकवचनांसकट, विशेषनामं नाहीत आणि कोणाच्या मालकीची नाही. स्क्रॅबलवाल्यांनी तीच घेऊन सुरुवात करावी. सातही सोंगट्या एकदम लावल्या की 50 गुण जादा मिळतात, म्हणून त्यांना सात अक्षरी शब्द हवे असतात, आणि त्यासाठी शब्दातली अक्षरं ए ते झेड क्रमाने लावून त्याची खूण करून ठेवायची. ए-ई-आय-एन-आर-एस-टी या एका खुणेखाली नॅस्टियर, रिटेन्स, रेटिनाज असे कितीतरी शब्द एका जागी सापडतात, हे पहिल्यांदा बघताना मी रात्री एकपर्यंत जागा होतो.

एक त्रास सांगून ठेवतो. नेटवरून घेतलेली फाइल विंडोजवर बनलेली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह असतं, मग डॉलर लावलेला नमुना रिकामाच येतो आणि माणूस आपलाच नमुना तपासत बसतो. ते चिन्ह काढून टाकणारा डॉस-टू-युनिक्स हा हुकूम चालवा, मोकळे व्हा.

उणीव म्हणाल तर अर्थ मिळत नाही, आणि रोजचा शब्द कुठला, अडगळीतला कुठला हे कळत नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या शब्दकोड्यासाठी हे जाणवतं, तिथे सात अक्षरं, मधलं सक्तीचं, एकच अक्षर कितीदाही वापरा, आणि सातही आली की पॅनग्राम. पॅनग्राम ग्रेपने चुटकीसरशी सापडतो, पण बाकीच्या ढिगातले बरेच शब्द ते लोक धरत नाहीत, कारण फार अनोळखी शब्द ते मुद्दाम सोडतात. पोरांच्या कोड्यासाठीही शेवटची निवड मी हातानेच करतो, शब्दकोश शेजारी उघडा ठेवून.

मराठीवर हेच करून बघणाऱ्यांनी आधी लक्षात घ्या, आपली वेलांटी किंवा मात्रा कॉम्प्युटरला वेगळं अक्षर वाटते, त्यामुळे एक डॉट म्हणजे एक अक्षर हा हिशोब तिथे बसत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप टाकलंत तर हे सगळं लोकलमध्ये उभ्याउभ्या, नेट नसतानाही चालतं. एनेबलची फाइल फोनमध्ये घ्या आणि एखाद्या स्टेशनच्या नावाची इंग्रजी अक्षरं टाकून सुरुवात करा.