चेर्वो: पोवळे काढणाऱ्यांच्या गावात दोन रात्री

इटलीतल्या चेर्वोला जायचे असेल तर सर्वांत आधी हे लक्षात ठेवावे की त्या गावाला आता रेल्वे स्थानक नाही. आमच्याजवळच्या जुन्या प्रवासपुस्तकात ते होते, त्या भरवशावर मी, पत्नी आणि मुलगा तुरीनहून निघालो आणि सव्होनाला गाडी बदलताना चौकशी केली तेव्हा कळले की आंदोरा ते सान लोरेंझो हा समुद्राला खेटून जाणारा एकेरी मार्ग डिसेंबर 2016 मध्ये बंद झाला असून त्याऐवजी आतल्या बाजूने, डोंगरांच्या पोटातून बोगदे काढून दुहेरी मार्ग टाकला आहे. भुसावळला रेल्वेत उभी हयात गेल्यामुळे एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी खोळंबून राहणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे आणि म्हणून हा बदल मला मनापासून पटला. प्रवाशाच्या पदरी मात्र समुद्राऐवजी बोगद्यातला अंधार येतो आणि पुढे बसचा प्रवास उरतो. आंदोरा किंवा दियानो यांपैकी कोणत्याही नव्या स्थानकावर उतरून बस धरता येते. तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवावे.

लिगुरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेनोआपासून सुमारे 100 किलोमीटरवर, समुद्रात शिरलेल्या टेकडीच्या अंगाखांद्यावर हे गाव वसले आहे. हमरस्ता खालून जातो, बस तिथेच सोडते आणि जुन्या गावात मोटारीला वाव नसल्याने पुढची चढण पायीच चढावी लागते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी दोन्हीकडच्या भिंतींना बोटे लागतात. समोरासमोरच्या घरांच्या मधे, डोक्यावर, दगडी कमानी टाकलेल्या आहेत. प्रथम मला त्या शोभेच्या वाटल्या, परंतु एका घराने दुसऱ्याला भूकंपात टेकू द्यावा हा त्यांचा उपयोग आहे. 23 फेब्रुवारी 1887 च्या पहाटे या किनाऱ्याला मोठा भूकंप झाला, त्यात शेजारच्या दियानो मरीनाची फार मोठी हानी झाली आणि ते गाव नव्याने उभारावे लागले. हे कळल्यावर त्याच कमानींखालून जाताना मी दर वेळी वर पाहू लागलो.

चेर्वोला कशासाठी जावे, याचे माझे उत्तर एकच आहे: सान जोव्हान्नी बात्तिस्ता या चर्चसाठी. गावकरी त्याला ‘कोराल्लीनींचे’ म्हणतात, म्हणजे पोवळे काढणाऱ्यांचे. इथले खलाशी होड्या घेऊन कॉर्सिका आणि सार्डिनिया या बेटांच्या समुद्रात जात, लाकडाच्या फुलीला जाळ्यांचे झुपके बांधून ती तळाशी सोडत आणि ओढत नेत, म्हणजे पोवळ्याच्या फांद्या तुटून जाळ्यात अडकत. त्या कमाईतला वाटा बाजूला काढून 1686 मध्ये बांधकाम सुरू झाले. वास्तुकार जोव्हान्नी बात्तिस्ता मार्वाल्दी यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही, त्यांच्या मुलाने ते पुढे नेले आणि 1734 मध्ये ते पूर्णत्वास गेले. चर्चची दर्शनी भिंत सरळ नसून ओंजळीसारखी आत वळलेली आहे आणि तिचे तोंड समुद्राकडे आहे, त्यामुळे परतणाऱ्या होडीला गाव दिसण्याआधी ती दिसत असणार.

माझ्या पत्नीच्या बोटात तिच्या आईची पोवळ्याची अंगठी आहे. जळगावच्या सराफ्यात घेतलेली, मंगळासाठी. भूमध्य समुद्रातले पोवळे सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून गोव्याकडे येत असे आणि बदल्यात आपल्याकडचे हिरे तिकडे जात, हे मी मुलाकडून तिथेच ऐकले. तिच्या अंगठीतला खडा कुठल्या पाण्यातला आहे, हे सांगता येणार नाही. पण चर्चच्या पायऱ्यांवर बसून तिने ती अंगठी काढली, पदराने पुसली, उन्हात धरून बराच वेळ पाहिली आणि पुन्हा बोटात घातली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर माणूस जसा टेकतो तशीच ती टेकली होती आणि कुणी आम्हाला उठवले नाही.

याच चर्चपुढच्या चौकात 1964 पासून दर उन्हाळ्यात चेंबर संगीताचा, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताचा, आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. हंगेरियन व्हायोलिनवादक शांदोर वेग यांनी तो सुरू केला. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेल्याने तो हुकला. तरीही संध्याकाळी पायऱ्यांवर दोन बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, त्यांचा शब्दन्शब्द आम्हाला चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. जुलै-ऑगस्टमध्ये जाणे जमत असेल तर संगीतासाठी अवश्य जावे. शांतता हवी असेल तर आम्ही गेलो तोच काळ बरा.

वरच्या अंगाला क्लाव्हेझाना सरदारांचा किल्ला आहे आणि त्यात परिसरातल्या जुन्या लोकजीवनाचे लहानसे संग्रहालय आहे. तासाभरात पाहून होते. मला त्याहून अधिक आवडले ते गावामागचे ऑलिव्हचे मळे. चुना-मातीविना नुसत्या दगडांवर दगड रचून बांध घातले आहेत आणि प्रत्येक बांधामागे दोन-चार झाडांपुरती माती धरून ठेवली आहे. सातपुड्याच्या उतारावर शेती करणाऱ्या माणसाने ते पाहावे, असे मला फार वाटले. ही दगड रचण्याची कला 2018 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही आहे.

राहण्याबाबत मात्र तक्रार आहे. ज्या घरात आम्ही खोली घेतली होती, त्याचे नाव इथे देत नाही. नोंदणी करताना आमचे वय सांगून पायऱ्यांबद्दल मी स्पष्ट विचारले होते आणि ‘थोड्याच आहेत, सामान वर आणायला माणूस येईल’ असे लेखी उत्तर आले होते. प्रत्यक्षात माणूस आला नाही आणि गल्लीची चढण संपल्यावर घरातल्याच एकोणसाठ पायऱ्या निघाल्या, त्याही शिडीसारख्या उभ्या. पत्नीचे गुडघे दुखतात, हे आम्ही कळवले होते, म्हणून हे मला विशेष लागले. खोली स्वच्छ होती, भिंती हातभर जाड होत्या आणि खिडकीतून थेट समुद्र दिसत होता, हेही तितकेच खरे. ज्येष्ठांनी एक रात्रीचे सामान पाठीवरच्या पिशवीत घ्यावे आणि मोठ्या बॅगा दुसरीकडे ठेवून यावे.

जेवणाचे सांगायचे तर दुपारी अडीच-तीननंतर स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आधी चूल पेटत नाही. पहिल्या दिवशी आम्ही चारला पोहोचलो आणि दशम्यांवर वेळ निभावली. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. टोमॅटो लावलेल्या साध्या दिसणाऱ्या जाड रोटीवरही आन्चोवी नावाची खारवलेली मासळी असू शकते, आणि पेस्तोच्या हिरव्या चटणीत जे पार्मेजान चीज असते, ते वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचक रसाने, विरजलेले असते. आम्ही चीज वगळून मागितले आणि एका खानावळीने ते आनंदाने करून दिले. बिलात माणशी 2 ते 3 युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लागतात. ते टेबलावर बसण्याचे शुल्क आहे, फसवणूक नव्हे.

पण खरी मेजवानी किनाऱ्यावरच्या एका लहान दुकानात झाली. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून काही तास ठेवायचे, वर आलेला फेस काढायचा, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालून ते परातीएवढ्या तांब्याच्या कल्हईदार तव्यात ओतायचे आणि लाकडाच्या भट्टीत सरकवायचे. कडा तांबूस झाल्या की तवा बाहेर येतो आणि दुकानदार रुंद सुरीने तुकडे खरवडून कागदावर देतो, वर मिरपूड. याला फारिनाता म्हणतात. पत्नी अमळनेरची. पहिला घास घेताच ती म्हणाली, ‘‘हाई ते आपलं बेसननं धिरडं शे!’’ हळद नाही, ओवा नाही, मिरची नाही, आणि तरी चव ओळखीची. आम्ही तीनदा मागवले.

दिवसा येऊन दोन तासांत परतणाऱ्यांना हे गाव अर्धेच भेटते, असे माझे मत झाले आहे. दुपारचे पाहुणे उतरून गेल्यावर गल्ल्यांत भांड्यांचा आवाज, कुणाचे तरी खोकणे आणि खालच्या लाटा एवढेच ऐकू येते, आणि ते ऐकायला रात्री तिथे असावे लागते. निघायच्या दिवशी आणखी एक रात्र मिळते का म्हणून मी विचारले, पण खोली पुढच्या पाहुण्यांना दिलेली होती. सामान घेऊन आम्ही बसथांब्यावर उतरलो. बसला पाऊण तास अवकाश होता. मुलाला सामानापाशी बसवून पत्नी म्हणाली की चर्चपर्यंत एकदा जाऊन येऊ, आणि गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत ती पुन्हा ती चढण चढली.